नाकारणं आणि नकार

"रिफ्यूज केला, शेठ. डिनाय नाही."

दुकानाच्या पायरीशी उभ्या असलेल्या माणसानं हे इतक्या अदबीनं म्हटलं, की मला आधी वाटलं ते काही विकत मागताहेत. मी फोनवर होतो. मालेगावच्या एका दुकानदारानं रजिस्टरांचा गठ्ठा न घेताच परत पाठवला होता आणि मी ट्रान्सपोर्टवाल्याला जोरजोरात सांगत होतो, की पार्टीनं माल डिनाय केला. फोन ठेवून मी विचारलं, "काय म्हणालात सर?"

"एक मिनिट," म्हणत बाविस्कर सर आत आले. 'एक मिनिट' म्हणताना त्यांचं बोट खांद्याइतकं वर जायचं आणि तिथंच थांबायचं. वर्गात पोरं याचीच नक्कल करायची. त्यांनी गल्ल्याजवळच्या डब्यातलं एक बॉलपेन उचललं आणि स्वतःच्या खिशाला लावलं.

"आता मला विचारा, पेन घेतलं का?"

"सर, पेन घेतलं का?"

"नाही. आता म्हणा, परत द्या."

"परत द्या."

"नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"दोन्ही वेळा मी 'नाही'च म्हणालो. पण पहिलं 'नाही' झालेल्या गोष्टीला. तो डिनाय. दुसरं 'नाही' करायच्या गोष्टीला. तो रिफ्यूज. पहिल्यात मी खोटारडा ठरू शकतो. दुसऱ्यात फार तर हट्टी. तुमच्या मालेगाववाल्यानं माल आलाच नाही असं म्हटलं का?"

"नाही. घेणार नाही म्हटला."

"मग तो हट्टी आहे. त्याला उगाच खोटारडा करू नका."

पेन त्यांनी डब्यात परत ठेवलं, टोपण नीट बसलंय का पाहिलं आणि वर आपल्या खोलीकडे गेले.

धुळ्यात आमचं स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. खाली दुकान, त्याच्या मागे आणि वर आम्ही राहतो, आणि सगळ्यात वर एक खोली-स्वयंपाकघर भाड्यानं दिलेलं. बाविस्कर सर तिथे भाडेकरू होते. जवळच्याच एका खासगी संस्थेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मूळचे दीपनगरचे. वडील तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. सर सांगायचे, लहानपणी त्यांच्या घरी पांढरा कपडा कुणी घेतच नसे. नोकरी लागल्यावर मात्र त्यांनी पांढरा शर्ट धरला तो सोडलाच नाही. दोन शर्ट होते, एक अंगात आणि एक दोरीवर. बायको जळगावला एका दवाखान्यात नर्स होती, तिथल्याच मेहरूण भागात घर होतं, आणि अस्मिता नावाची मुलगी तिथंच शिकत होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की सर पिशवी घेऊन थेट स्टँडवर. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं परत. येताना बाबूजींसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, केळीच्या वेफर्सची पुडी असायची. बाबूजी म्हणायचे, "मास्तर, वेफर धुळ्यातबी भेटते." सर म्हणायचे, "भेटतात बाबूजी. पण मग मी जळगावहून आलो असं वाटत नाही."

धुळ्यातलं राहणं तात्पुरतं आहे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खोलीत त्यांनी पलंग घेतला नाही, गादी जमिनीवरच. टीव्ही नाही, मिक्सर नाही. माझी बायको एकदा म्हणाली, "सर, एखादं कपाट तरी घ्या." ते म्हणाले, "वहिनी, कपाट घेतलं की माणूस राहायला लागतो." असं करता करता किती वर्षं गेली ते त्यांनी मोजलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

क्रियापदांचा त्यांना नादच होता. नामं पाठ करता येतात, म्हणायचे, क्रियापदं भोगावी लागतात. ऐकू येणं आणि ऐकणं, दिसणं आणि बघणं, सांगणं आणि म्हणणं अशा जोड्या घेऊन ते शाळेत शनिवारचा तास रंगवायचे. पण डिनाय आणि रिफ्यूजवर त्यांचा जीव जास्त होता. का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, ते स्टुलावर बसले होते आणि सहज बोलून गेले.

"धुळ्याला आलो तेव्हा खोली शोधत फिरलो. दारावर पाटी असायची, खोली भाड्याने देणे आहे. नाव विचारायचे, मी बाविस्कर सांगायचो. मग विचारायचे, कोणते बाविस्कर? मी सांगायचो. मग म्हणायचे, अहो, खोली तर कालच गेली. पाटी काढायची राहिली." त्यांनी बोट वर केलं. "एकानंसुद्धा रिफ्यूज केलं नाही, शेठ. 'तुम्हाला देणार नाही' असं कुणीच म्हटलं नाही. सगळ्यांनी डिनाय केलं. खोलीच नाही म्हणाले. रिफ्यूज केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. नसलेल्या खोलीसाठी कुणाशी भांडणार?"

मला सर आमच्याकडे खोली विचारायला आले तो दिवस आठवला. बाबूजींनीही तेच विचारलं होतं, कोणते बाविस्कर. सरांनी सांगितल्यावर त्यांनी आत वळून बघितलं. आत आई दाराआड उभी होती. मग बाबूजी म्हणाले, "खोली शे. अंडी-मटण नही चालणार." बाबूजी गिऱ्हाइकांशी बोलून बोलून अहिराणीच बोलायचे. सर म्हणाले, "चालेल." नंतर एकदा मी सरांना विचारलं, की तुम्हाला त्या अटीचा राग नाही आला का? म्हणाले, "आला. पण अट समोर होती. तिला हो म्हणता येत होतं, नाही म्हणता येत होतं."

जळगावला जायची संधी त्यांना एकदा चालून आली होती. मेहरूणजवळच्याच एका शाळेत इंग्रजीची जागा रिकामी झाली आणि ती संस्था त्यांना बदलीनं घ्यायला तयार होती. फक्त इथल्या संस्थेनं कार्यमुक्त करायला हवं होतं. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब. मोठं प्रस्थ, पण बोलायला लोण्यासारखं. सर अर्ज घेऊन गेले, की नाना खांद्यावर हात ठेवायचे. "सर, तुम्ही गेले तर इंग्रजीला माणूस कोण? एवढी दहावी काढून द्या." दहावी निघायची, पुढची दहावी यायची. जळगावची जागा मधल्या काळात कुणीतरी भरली, मग पुन्हा रिकामी झाली. सर पुन्हा अर्ज घेऊन गेले. नाना कधी नाही म्हणाले नाहीत, हो तर नाहीच नाही. "भिंतीला डोकं आपटलं तर निदान आवाज येतो," सर एकदा म्हणाले, "हे कापसाच्या गाठीत डोकं घातल्यासारखं आहे."

शाळेचं मोठं लोखंडी गेट सरकतं होतं. रुळाच्या टोकाला अडवणारा लोखंडी तुकडा कधीतरी तुटला होता आणि जोरात ढकललं की गेट रुळावरून निसटायचं. शिपायानं ते तारेनं बांधून ठेवलं होतं. सरांनी शिक्षकांच्या बैठकीत हे पुन्हा पुन्हा काढलं. इतक्यांदा, की बाकीचे हसायला लागले. बाविस्कर सर उठले की कुणीतरी आधीच "गेट" म्हणायचं.

एका दुपारी शाळा सुटताना ते गेट कोसळलं. नववीतली रोशनी त्याखाली सापडली. बाकीची पोरं बाजूला झाली, तिचा एक पाय अडकला. मी दुकानातून तो आवाज ऐकला आणि लोकांबरोबर धावलो. गेट उचलायला सात-आठ माणसं लागली. सर तिच्या डोक्याशी बसले होते, त्यांच्या पांढऱ्या शर्टाला रस्त्याची माती आणि तिच्या हातांचे ठसे होते. ती ओरडत नव्हती. फक्त त्यांची बाही धरून होती, आणि रिक्षात घालताना ती बाही सोडवायला लागली.

त्या दिवशी गेटवर थांबायची पाळी बाविस्कर सरांची होती. आणि गेट पडलं तेव्हा ते तिथे नव्हते. मागे सायकल स्टँडकडे फोन घ्यायला गेले होते. अस्मिताचा फोन होता, आईला खूप ताप आहे म्हणून. हे त्यांनी मला सांगितलं, दुसऱ्या कुणालाही नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी नानासाहेब स्वतः आमच्याकडे आले. अध्यक्ष भाडेकरूच्या खोलीत येतात म्हटल्यावर बाबूजींनी मला चहा घेऊन वर पाठवलं आणि डोळ्यांनी खुणावलं, की तिथंच बस. नाना जमिनीवरच्या गादीवर बसले होते. एवढा मोठा माणूस मांडी घालून बसलेला पाहून मला कसंतरीच वाटलं.

"सर, झालं ते वाईट झालं. पोरीच्या दवाखान्याचं संस्था बघेल. आता शिक्षण खात्याची चौकशी येईल. सगळ्या स्टाफनं लिहून दिलंय. तुमच्या दोन ओळी राहिल्या."

"काय लिहून दिलंय?"

"गेट सुस्थितीत होतं. पोरं लोंबकळली म्हणून पडलं."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "नाना, गेट सुस्थितीत नव्हतं."

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. पण आता खरं बोलून पोरीचा पाय बरा होणार आहे का?" नाना हळू बोलत होते. "शाळेची मान्यता जाईल. दीड हजार पोरांचं काय करता? आणि तुमचं बघा. तुम्ही गेटवर नव्हते. हे मी कागदावर आणणार नाही. तुम्ही गेटवरच होते असं मी म्हणतो. दोन ओळी लिहा आणि सोमवारी कार्यमुक्तीचं पत्र घ्या. जळगावची जागा रिकामी आहे, माझं बोलणं झालंय. बायको-पोरीजवळ जा."

मी सरांकडे बघू शकलो नाही, भिंतीकडे बघत राहिलो. इतकी वर्षं ज्या कागदासाठी ते उंबरे झिजवत होते तो कागद गादीवर येऊन बसला होता.

सरांचं बोट वर गेलं नाही. दोन्ही हात मांडीवर तसेच होते.

"मी गेटवर नव्हतो, हे खरं आहे," ते म्हणाले. "ते मी नाकारणार नाही. गेट चांगलं होतं असं लिहायला मात्र माझा नकार आहे."

"म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच अडकणार."

"हो."

"एकदा वहिनींना विचारा."

"तिला विचारलं तर ती लिहा म्हणेल. म्हणून विचारत नाही."

नाना उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रकाश, समजाव तुझ्या मास्तरला. हुशार माणसानं असं करू नये." मी खाली आल्यावर बाबूजींनी विचारलं, काय झालं. सांगितलं. बाबूजी त्या दिवशी लवकर दुकान बंद करून घरात गेले.

चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबांसमोर सरांनी हेच सांगितलं, जसंच्या तसं. लेखनिकानं जबाब लिहून घेतला आणि सही करायला पुढे केला. सरांनी वाचला आणि सही न करता त्याची प्रत घेऊन झेरॉक्स काढायला माझ्या दुकानात आले. चेहरा उतरलेला होता. त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं. लिहिलं होतं, 'सदर शिक्षकाने कर्तव्यावर अनुपस्थित असल्याचे तसेच गेट सुस्थितीत असल्याचे नाकारले.'

"बघा, शेठ. मी गैरहजर होतो हे मी नाकारलं, असं लिहिलंय. मी ते कबूल केलं होतं. आणि गेटचं लिहून द्यायला नकार दिला होता. यांनी दोन्ही एकाच क्रियापदात घातलं. आता पुढचा मुद्दा काय येईल? सगळा स्टाफ म्हणतो सर गेटवर नव्हते, सर म्हणतात मी होतो. म्हणजे सर खोटं बोलतात. आणि जो माणूस एकदा खोटं बोलतो, त्याचं गेटबद्दल कोण ऐकणार?"

मी म्हटलं, "साहेबांना सांगितलं का?"

"सांगितलं. ते म्हणाले, अहो सर, अर्थ एकच ना. नाही म्हणजे नाही." सर हसले, पण ते हसणं बघवलं नाही. "मी म्हटलं, साहेब, एकच नाही. तर ते म्हणाले, हा काय इंग्रजीचा तास आहे का?"

ते सही न करताच परत गेले. दुरुस्तीचा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. महिनाभरात त्यांना निलंबित केलं. कारणं दोन, कामात हलगर्जी आणि चौकशीला असहकार.

निलंबन म्हणजे घरी बसणं, असं मला वाटत होतं. पण त्यात एक अट असते. संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सरांचं गाव कागदावर धुळे होतं. शनिवारची गाडी बंद झाली. परवानगीचा अर्ज दिला, की शाळेतला क्लार्क सांगायचा, नाना मुंबईला गेलेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शनिवारी दुपारी ते वर खोलीत होते. माझी बायको म्हणाली, वरून चालण्याचा आवाज येतोय. दाराकडून खिडकीकडे, खिडकीकडून दाराकडे. तो आवाज पुढे आम्हाला सवयीचा झाला.

मग सरांच्या बायको, सुनंदावहिनी, रविवारी जळगावहून यायच्या, डबा घेऊन. पहिल्या रविवारी खूप भांडण झालं. खाली ऐकू येत होतं. "दोन ओळी लिहायच्या होत्या! दोन! सगळ्यांनी लिहिल्या, त्यांचे हात झडले का?" जाताना वहिनी दुकानात थांबल्या. डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "भाऊ, हे जेवतात का बघा. मी बोलले म्हणून जेवणार नाहीत." मग पायरी उतरता उतरता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "लिहिलं असतं तरी जेवले नसते."

रोशनीच्या घरी जायचं सरांच्या मनात होतं आणि धीर होत नव्हता. मी त्यांच्याबरोबर गेलो. तिचे वडील सुकदेव रिक्षा चालवायचे, माझ्या ओळखीचे होते. आम्ही दारात उभे राहिलो. सुकदेव बाहेर आले, सरांकडे बघितलं.

"तुम्ही गेटवर व्हतात का नव्हतात?"

"नव्हतो," सर म्हणाले.

"मग आठे कसाले उनात?"

"तिचा अभ्यास बुडतोय. इंग्रजी शिकवायला येऊ का, विचारायला आलो."

सुकदेवनी दार लावून घेतलं. आम्ही परत फिरलो. गल्लीच्या टोकाशी मी म्हटलं, "सर, फोन आला होता एवढं तरी सांगायचं."

"मी का नव्हतो ते त्यांनी विचारलं नाही. होतो का नव्हतो, एवढंच विचारलं."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले. दार उघडलं नाही. आठवड्यानं पुन्हा गेले. मधल्या काळात जबाबांची गोष्ट गावभर झाली होती. कुणी काय लिहून दिलं हे शिपायापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या खेपेला सुकदेवनी दार उघडं ठेवलं आणि स्वतः बाहेर जाऊन रिक्षात बसले. त्या दिवसापासून रोज सकाळी सर तिथे जायला लागले. रोशनी खाटेवर, पाय उशीवर, आणि सर पत्र्याच्या खुर्चीवर. एकदा मी वह्या पोचवायला गेलो तेव्हा सुकदेव ओसरीत बसले होते. आतल्या बोलण्याकडे कान देत म्हणाले, "शेठ, बठ्ठा खोटं बोलनात. हाऊ माणूस सोताना बारामा बी खरं बोलना. याले मी शिव्या दिन्ह्यात." सगळे खोटं बोलले, आणि स्वतःबद्दलही खरं बोलणाऱ्यालाच त्यांनी शिव्या दिल्या होत्या. मग उठून रिक्षाची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

त्याच काळात अस्मिताला नाशिकला कॉलेज मिळालं. जळगावहून नाशिकची एसटी धुळ्यात थांबते. ती ज्या गाडीनं निघाली त्या गाडीच्या वेळी आम्ही स्टँडवर जाऊन उभे राहिलो. सरांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. गाडी आली. मुलगी खिडकीत होती, शेजारी वहिनी, मांडीवर बादली आणि बादलीत चादर-उशी. वहिनी तिला पोचवायला चालल्या होत्या. सर गाडीत चढले असते तर चाललं असतं, गाडी स्टँडवरच होती. पण ते चढले नाहीत. खाली उभे राहूनच त्यांनी वेफर्सची पुडी खिडकीतून दिली. अस्मिता म्हणाली, "बाबा, जळगावहून आलेल्या माणसाला कुणी वेफर देतं का?" तिघंही हसले.

"चला ना बाबा नाशिकपर्यंत. कोण बघतंय?"

"कुणी बघत नाही, म्हणूनच अवघड आहे."

कंडक्टरनं घंटी मारली. सर गाडीबरोबर फाटकापर्यंत चालत गेले, खिडकीच्या गजाला हात लावून. गाडी वळली आणि ते तिथंच थांबले. मी स्कूटर घेऊन गेलो, म्हटलं, बसा. ते म्हणाले, "शेठ, मी चालत येतो. थोडं लांबून येतो." गावातल्या गावात लांबून जाणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

चौकशीचा निकाल लागला तो असा. गैरहजेरी सिद्ध. ती त्यांनी स्वतःच मान्य केली होती, तरी अहवालात 'नाकारली' हाच शब्द राहिला. गेटबद्दल काही सिद्ध झालं नाही, कारण बाकी सगळ्यांचं म्हणणं एक होतं. सरांच्या वेतनवाढी थांबवल्या आणि त्यांना कामावर परत घेतलं. शाळेला नवं गेट बसलं. रोशनी पुढल्या वर्षी दहावीला बसली, इंग्रजीत चांगली पास झाली. डावा पाय थोडा ओढत चालते. आता शिवणकामाच्या क्लासला जाते आणि कधी झेरॉक्स काढायला दुकानात आली की विचारते, "सर शेतस का वर?" जळगावची जागा भरली गेली. नाना अजून अध्यक्ष आहेत, रस्त्यात भेटले की सरांच्या खांद्यावर हात ठेवतात. सर तो हात ठेवू देतात, काढायला लावत नाहीत. मला ते बघून राग यायचा. सर म्हणायचे, "त्यांना माझी भीती वाटते, शेठ. म्हणून हात ठेवतात. ठेवू द्या."

मी एकदा विचारलंच, "सर, त्या दिवशी लिहून दिलं असतं तर? कधी वाटतं का?"

"रोज वाटतं," ते म्हणाले. "शनिवारी दोनदा."

गेल्या उन्हाळ्यात वहिनींनी दवाखान्यातलं काम सोडलं. गुडघे दुखायला लागले होते. अस्मिता नाशिकलाच नोकरीला लागली. मेहरूणचं घर एकट्या बाईसाठी मोठं झालं, आणि एका दुपारी वहिनी टेम्पोत सामान घालून धुळ्याला आल्या. गॅस, भांडी, शिलाई मशीन, आणि जळगावचं लोखंडी कपाट. मी आणि टेम्पोवाला खालून, सर आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी वरून, असं ते कपाट आम्ही जिन्यानं चढवायला घेतलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते भिंतीत आणि कठड्यात असं घट्ट बसलं, की वरही जाईना आणि खालीही येईना. तो विद्यार्थी कठड्यावरून उडी मारून टेम्पोवाल्याबरोबर दोर आणायला गेला. सर कपाटाच्या वरच्या अंगाला राहिले. वहिनी आणि मी खालच्या.

वहिनी पायरीवर बसल्या, पदरानं वारा घेत. "अहो," त्या ओरडल्या, "आलात का अडकून?"

वरून स्टोव्ह पेटवल्याचा आवाज झाला, भांड्याचा आवाज झाला. बऱ्याच वेळानं कपाटाच्या माथ्यावरून, छताला घासत, पांढऱ्या बाहीतला एक हात खाली आला. हातात चहाचा कप होता. वहिनी गुडघ्यावर हात रोवून उठल्या, टाचा उंचावल्या आणि कप घेतला. हात मागे गेला आणि दुसरा कप घेऊन आला.

"हा शेठना," सर पलीकडून म्हणाले. "साखर तुझ्यात कमी आहे."